शेठवर संशय घेऊ नये

बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत वाढवत 2023 पर्यंत किलोमागे 88 रुपयांवर नेलं, तेव्हापासून वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात जो तो नवं गिऱ्हाईक शोधतो आहे. अशात भाऊ, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दुबईच्या शेठचा निरोप आला, तर आधी गावात पेढे वाटा. चौकशी मागाहून करता येते. नाही केली तरी चालते.

बगीचा पाहायला येणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या मामाचं गाव विचारायचं, मागच्या साली त्यानं कोणाचे पैसे अडकवले ते चौकात काढायचं, आणि इसार हाती पडल्याशिवाय एका फळाला हात लावू द्यायचा नाही. पण परदेशी शेठला असं वागवणं बरं दिसत नाही. त्याच्या फोटोत मागे बुर्ज खलिफा आहे.

शेठचा ईमेल जीमेलवरचा असेल तर माणूस साधा आहे असं समजा. वेबसाइट गेल्याच महिन्यात नोंदवलेली निघाली, तर कंपनी ताजी आहे. कोणी लंडनचा निघाला, तर तिथल्या कंपनीज हाउसची नोंदवही इंटरनेटवर फुकट उघडता येते: कंपनी कधीची, संचालक कोण, चालू आहे की गुंडाळली. फुकटच्या वस्तूला काय किंमत? उघडूच नका. दुबईवाल्याकडे ट्रेड लायसन्स मागून त्याचा नंबर तिथल्या खात्याकडे ताडून पाहिला, तर शेठच्या मनाला लागेल. आपल्या सरकारची ईसीजीसी 1957 पासून निर्यातदाराला विमा देते, परदेशी खरेदीदाराची पतही पाहते. पण त्याला पैसे पडतात. तेवढ्यात एक फवारणी होते.

बँकेतले साहेब एलसी-एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, करत बसतील. कागद अटींप्रमाणे असले तर शेठची बँकच पैशाची हमी घेते, असं काहीतरी सांगतील. शेठचं म्हणणं सोपं असतं: 'डीएवर पाठवा, नव्वद दिवसांनी देतो.' म्हणजे त्यानं बिलावर सही केली की बँक त्याला कागद देते, आणि कागद दाखवला की बंदरात माल मिळतो. तुमच्याकडे सही उरते. सही मात्र झोकदार असते हो.

कधी तो आगाऊ रक्कम पाठवल्याची स्विफ्टची, म्हणजे परदेशी बँकेतून पैसे निघाल्याची, पावतीही पाठवतो, पीडीएफमध्ये, शिक्क्यासकट. खात्यात काही दिसत नाही, कारण तिकडे कसलीशी 'क्लिअरन्स फी' अडली आहे. ती तुम्ही भरून टाका. एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्याशासाठी ताटकळत ठेवू नये.

मग एकदाचा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर न्हावा-शेव्याहून दुबईच्या जेबेल अली बंदराला लागतो आणि शेठ कळवतो: माल नरम पडला, निम्म्या भावात देता का? संत्रा काही तुरीसारखा कोठीत भरून ठेवता येत नाही, तिकडे कंटेनरचं भाडं रोज चढतं, आणि परत आणायचा तर वाटेतच सडायचा. माल चढवण्याआधी तिऱ्हाईत कंपनीकडून तपासणीचा दाखला घेतला असता, तर आता भांडत बसावं लागलं असतं. तो घेतला नाही, हे बरंच झालं. 'हो' म्हणून टाका. मृग बहाराचा मालही त्यालाच द्या. आता तर ओळख झाली.