गालावरची रेघ

दुपारी छपाईचा नमुना हातात आला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. लिहून टाकते, नाहीतर आज झोप लागायची नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, शहराच्या वर्धापनानिमित्त जुन्या रंगीत काचांच्या खिडक्यांचं एक स्मृतिचित्र निघतंय. बारा खिडक्या, एक मोठा कागद. फोटो माझे. चार महिने गेले त्यात, त्याचं काही नाही. पण सातवी चौकट! जुन्या चर्चच्या पूर्वेकडच्या खिडकीत एक बाई आहे, मान जराशी कललेली, अंगावर निळं वस्त्र. तिच्या डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत शिशाची एक बारीक पट्टी जाते. कधीतरी काच तडकली, कुणा कारागिराने दोन्ही तुकडे त्या पट्टीत बसवले आणि चेहरा वाचवला. आजच्या नमुन्यात ती रेघ नाही. पुसलीय. गाल कसा गुळगुळीत, साबणाच्या जाहिरातीतला. चित्राची मांडणी करणाऱ्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, डाग वाटत होता, म्हणून स्वच्छ केलं."

डाग म्हणे.

त्या खिडकीपाशी मी चार सकाळी घालवल्यात. पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं. मला वाटलं, उजेड जितका जास्त तितके रंग खुलतील. झालं उलटं. पिवळा पांढराफटक पडला, निळा काळवंडला, आणि बाहेरच्या संरक्षक जाळीची नि झाडाच्या फांदीची सावली थेट बाईच्या अंगावर. मी पडद्यावर तेच तेच बघत बसले होते. झाडलोट करणाऱ्या मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "ताई, ढग येऊ देत. उन्हात ती डोळे मिटून घेते."

चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं. मावशींनी न सांगता आतले सगळे दिवे घालवले. आत दिवा असला की काचेच्या आतल्या बाजूची धूळ उजळते आणि रंग मरतो, हे त्यांना रोजच्या बघण्यातून ठाऊक होतं. मी परांचीवर चढून कॅमेरा खिडकीच्या मध्याच्या उंचीला नेला, कारण खालून वर रोखला की चौकट वरच्या बाजूला निमुळती होते आणि नंतर ओढूनताणून सरळ करावी लागते. एकाच जागेवरून कमीजास्त उजेडाचे सात फोटो घेतले. तशा मऊ उजेडात मी ती बाई पहिल्यांदा नीट पाहिली. खालून मावशींनी विचारलं, "गालावरची रेघ नीट आली का बघा हं. मी इथे कामाला लागले तेव्हापासून आहे ती. टाके घातलेत तिला."

टाके! ज्या बाई रोज तिथली फरशी पुसतात त्यांना ते टाके दिसतात आणि संगणकापुढे बसून निर्णय घेणाऱ्यांना डाग दिसतो.

अरे, अशा खिडकीत शिसं म्हणजेच रेखाटन असतं. प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापायचा आणि शिशाच्या पट्ट्यांनी शेजाऱ्याशी जोडायचा. निळा कोबाल्टचा. पिवळा चांदीच्या क्षाराचा लेप देऊन भट्टीत भाजलेला. जुनी लाल काच बहुतेकदा साध्या काचेवर चढवलेला पातळ थर असते, कारण सबंध जाडी लाल केली तर उजेडच आत यायचा नाही. नाक, डोळे, केस रंगवून भाजलेले. हे सगळं ज्याच्या आधाराने उभं आहे ते शिसं. उद्या तुम्ही सगळ्याच काळ्या रेषा पुसणार का? मग उरेल काय, रंगांचा सडा?

हो, माहीत आहे, कुणीतरी इंग्लंडमधल्या यॉर्कचा दाखला देईलच. तिथल्या कॅथेड्रलची पूर्वेकडची मोठी खिडकी जॉन थॉर्नटन या काच-कारागिराने 1405 ते 1408 मध्ये केली, आणि अलीकडच्या जीर्णोद्धारात जाणकारांनी नंतरच्या दुरुस्त्यांचं बरंचसं शिसं काढून तुकडे कडेला कड चिकटवले. चेहरे पुन्हा वाचता येऊ लागले. मान्य. पण ते काम काच हातात घेऊन झालं, तीनशेहून अधिक फलक एकेक करून, वर्षानुवर्षं, कुठे काय काढलं याची नोंद ठेवून. माऊसच्या दोन फटक्यांत नाही. आणि आपल्या खिडकीत ती रेघ आजही आहे! मग कागदावरच का नाही?

इतिहासात लोकांनी या काचांसाठी काय काय केलंय. 1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलच्या काचा उतरवून सुरक्षित जागी हलवल्या, युद्धानंतर परत बसवल्या. 2019 मध्ये पॅरिसचं नोत्र दाम जळताना लोक तिथल्या तीन गोल खिडक्यांसाठी श्वास रोखून होते. वाचल्या त्या. इथे ना युद्ध, ना आग. आम्ही फोटोतच मोडतोड करतोय.

छापखान्यातल्या माणसांवर मात्र माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते. त्या निळ्यासाठी त्यांनी तीनदा नमुने काढले. काचेतून उजेड आरपार येतो, कागदावरून तो नुसता परततो, आणि छपाईच्या नेहमीच्या चार शायांत तो खोल निळा बसतच नाही, जांभळट होतो नाहीतर मळतो. शेवटी खास निळी शाई वेगळी लावली, तेव्हा कुठे जवळपास आला. तरी खिडकीतला तो नाहीच. ते मी सोसलं, कारण तिथे कागद हरला होता. रेघ कागदाला झेपत होती. ती माणसांनी काढली.

आत्ताच मूळ फाईल पुन्हा पाठवलीय. सोबत एकच ओळ: सातवी चौकट आहे तशी छापा, नाहीतर चित्रावरून माझं नाव काढा. उत्तर अजून आलेलं नाही.

चित्राच्या प्रकाशनाच्या निमंत्रितांच्या यादीत मावशी नाहीत, हे आज नमुन्यासोबत आलेल्या कागदांत दिसलं. म्हणून रेघेसकटचा एक फोटो मी घरच्या प्रिंटरवर काढून ठेवलाय. निळा चुकलाय त्यात, पण टाके शाबूत आहेत. उद्या सकाळी त्यांच्या कामाच्या वेळेला नेऊन देते.