तुमचा पीएनआर वेगळा आहे, मॅडम

दोन विमानांच्या मधे चार तास ठेवले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिगत ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि विचारताना मी सात वर्षांची असल्यासारखा चेहरा करतो. नागपूरचं विमान मुंबईला साडेसहाला पोचणार, सिंगापूरचं रात्री दहा चाळीसला सुटणार. चार तासांत नागपूरचा माणूस वर्ध्याला जाऊन, पाहुण्यांकडे चहा घेऊन परत घरी येतो.

तिकिटं वेगवेगळी होती, हेही खरं. नागपूर ते सिंगापूर सलग तिकिटाचा आकडा पाहून आमच्या ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला होता. वेगळी काढली तर बहिणीकडे न्यायच्या खाऊचा खर्च सुटत होता. काढली. दोन कंपन्या, दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळी आरक्षणं, मधे मुंबई.

पहिला दणका नागपूरलाच बसला. देशातल्या विमानात सामान १५ किलो चालतं, माझ्या पुढच्या विमानात ३० चालत होतं. बॅग एकच, २४ किलोची. मी पुढचं तिकीट दाखवलं. काउंटरवरची मुलगी गोड हसली. "तो पीएनआर वेगळा आहे, मॅडम." नऊ किलोंचे पैसे भरले. त्या नऊ किलोंत भाजणी होती की सांडगी मिरची, देव जाणे. दर मात्र केशराचा होता.

मग विमान उशिरा आलं. आम्हाला आत बसवलं, दारं लावली, आणि मुंबईहून परवानगी येईना म्हणून तिथेच उभं ठेवलं. आणि इथे काकांचा प्रवेश झाला.

मी खिडकीपाशी, मधे कानात बोळे घातलेला एक मुलगा, आणि कडेला काका. सफारी सूट, खिशाला दोन पेनं. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त, बरीच वर्षं नागपूरच्या गणेशपेठ स्थानकावर. मी घड्याळ पाहायची आणि सुस्कारा सोडायची. तिसऱ्या सुस्काऱ्याला काका मुलाच्या अंगावरून वाकले.

"काऊन जी ताई, पुढची गाडी आहे का?"

मी सांगितलं. तिथेच थांबायला हवं होतं, पण सहानुभूती दिसली की आपण वाहवत जातो. काकांनी खिशातलं एक पेन काढलं, उलटीच्या पिशवीवर वेळा लिहिल्या, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "काही टेन्शन घेऊ नका. कंट्रोलरले फोन लावाले सांगू. गाडी थांबवते तो."

"काका, ते विमान आहे."

"मंग? विमानाले कंट्रोलर नसते का? आमच्या टायमाले चंद्रपूरची गाडी लेट असली तर रात्रीची शेवटची काटोल गाडी मी धरून ठेवत होतो. ड्रायव्हर बोंबलून राह्यला तरी सोडत नव्हतो. पाशिंजर रस्त्यावर पडला नाही पाह्यजे."

त्यांनी बेल दाबली. हवाईसुंदरी आली. काकांनी तिला हिंदीत, पण वऱ्हाडी हेलात, परिस्थिती समजावली: बम्बई के डेपो में फोन लगाओ, बोलो एक लेडीज सवारी आ रही है, सिंगापूर रोक के रखो. पोरीने शिकवल्याप्रमाणे स्मित केलं आणि विचारलं, "सर, आपको पानी चाहिए?"

"पाणी कायले? चहा पाजा. दोन घंटे झाले."

दोन तास झाले नव्हते, हीच मेख होती. नियम असा आहे की अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर कंपनीने चहा-नाश्ता द्यायचा. आमचा उशीर एक तास पन्नास मिनिटांवर आटोपला. दहा मिनिटं कशी वाचवली असतील पाहा. हीच माणसं मनावर घेतात तेव्हा किती वक्तशीर असतात!

मधल्या वेळात काकांनी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला सुटलेल्या पहिल्या एसटीपासून थेट शिवशाहीपर्यंत इतिहास सांगितला. मधल्या मुलाने बोळे काढले नाहीत, पण डोळे मिटून घेतले. विमान उडालं तेव्हा आम्ही 'हात दाखवा, गाडी थांबवा' योजनेवर होतो. मग काकांना एकदम काहीतरी सुचलं.

"तिकीट एकच आहे ना जी तुमचं? नागपूर ते सिंगापूर?"

"नाही. वेगवेगळी आहेत."

काका मागे सरकून बसले. पेन बंद करून खिशात गेलं. "हे पहिले सांगाचं ना बाप्पा," ते म्हणाले. "दोन तिकिटं कायले काढले मंग? तिकीट अलग असलं तर कंट्रोलर बी काही करू शकत नाही." आणि पाच मिनिटांपूर्वी माझ्यासाठी सिंगापूर रोखणाऱ्या या माणसाने मधल्या मुलाला जागं करून सांगितलं, "यायनं दोन तिकिटं काढले." मुलाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

मुंबईवर आम्ही घिरट्या घातल्या. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते, आणि त्या एकीवर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. आपला नंबर येईपर्यंत वर फिरत बसायचं. खाली ट्रॅफिक, वर ट्रॅफिक. मुंबई कोणत्याही दिशेने गाठा, सिग्नल लागतोच.

उतरल्यावर काकांचं हृदयपरिवर्तन झालं. पट्टा सुटायच्या आत ते उभे राहिले आणि गरजले, "बाजू द्या! ताईची सिंगापूर सुटून राह्यली!" आणि आश्चर्य म्हणजे लोकांनी खरंच वाट दिली. भारतीय विमानात उतरताना वाट मिळणं म्हणजे काय, हे सांगायला नको. ती वाट मोकळी झाली, आणि काका त्या वाटेने मागे गेले. पुढे नाही, मागे. चार रांगा मागच्या कप्प्यात त्यांचा संत्रा बर्फीचा डबा होता. तो कोणाच्या तरी ट्रॉली बॅगेखाली चेपला होता. काकांनी मधल्या वाटेतच उभं राहून दोरी सोडली, झाकण काढलं, एकेक वडी तपासली. तोवर पुढच्या रांगांतले सगळे उठून उभे राहिले आणि मी खिडकीपाशी मान वाकडी करून तशीच.

पुढे बस. मी धावत जाऊन दाराशी उभी राहिले. बस हलेना. का? तर एक प्रवासी यायचा आहे. विमानाच्या शिडीवरून डबा छातीशी धरून, एकेक पायरी सांभाळत काका येत होते आणि ड्रायव्हरला हात दाखवत होते. आयुष्यभर गाड्या थांबवलेल्या माणसाने त्या दिवशीही एक गाडी थांबवलीच. मी उभी होते ती.

बॅग यायला वेळ लागला तो लागलाच. शिवाय उतरले होते टर्मिनल एकला, जायचं होतं दोनला. विमानतळ एकच म्हणतात, पण भुयारी मेट्रोने जायचं तरी मधे सहार रोड हे एक स्टेशन लागतं, यावरून काय ते समजा. २४ किलो घेऊन जिने-लिफ्ट नकोत म्हणून टॅक्सी केली, आणि शुक्रवारच्या रात्री टॅक्सीत बसून मीटर आणि घड्याळ यांची शर्यत पाहिली. आता तर नवी मुंबईचंही विमानतळ झालंय. ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन, डिसेंबरात उड्डाणं सुरू. म्हणजे तिकीट शोधताना एक मुंबई सहारला आणि एक उलव्याला, मधे खाडी. माझ्यासारखी कोणी तिथे उतरून सहारहून उडायचं तिकीट काढेल, तिची मी आतापासून काळजी करते आहे.

काउंटर विमान सुटण्याआधी एक तास बंद होतो. नऊ चाळीसला. मी नऊ पन्नासला समोर उभी होते, विमान अजून जमिनीवर होतं, आणि काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला की सिस्टिममध्ये मी आलेलेच नाही. मी काउंटरवर हात आपटून दाखवला. नोंद बदलली नाही. उलट परतीचं तिकीटही आपोआप रद्द झालं. जी गेलीच नाही ती परत कुठून येणार, असा त्यांचा हिशेब.

इथून पुढे मला विनोद सुचत नाही. पहिली कंपनी म्हणते, तुम्हाला मुंबईला पोचवायचं कबूल केलं होतं, पोचवलं. दुसरी म्हणते, तुम्ही वेळेत आला नाहीत. दोघीही कागदोपत्री बरोबर. सलग तिकीट असतं तर पुढच्या विमानात बसवणं त्यांची जबाबदारी असती, बॅगही परस्पर गेली असती. पण मग ती सलग तिकिटं अशा किमतीला का विकता, की साध्या माणसाने ती नुसती बघावीत? सकाळच्या विमानाचं नवं तिकीट काढलं. वाचवलेले पैसे त्यात गेले, वर आणखी गेले. न वापरलेल्या तिकिटातले कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळतात, हे मात्र मागावं लागतं. आपण होऊन कोणी सांगत नाही. मागितले आहेत. वाट पाहतेय.

चौथ्या दिवशी सिंगापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर काकांचा निरोप आला. नंबर त्यांनी विमानातच घेतला होता. सोबत सुवाच्य अक्षरातल्या अर्जाचा फोटो. 'प्रति, मा. व्यवस्थापक (वाहतूक). विषय : जोड विमान न मिळाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर विमान १ तास ५० मिनिटे विलंबाने सुटल्याने अर्जदार महिला प्रवाशाची गैरसोय झाली असून...' घिरट्या, बॅगेची वाट, टॅक्सीचं भाडं, सगळं मुद्देसूद. दोन तिकिटांचा उल्लेख त्यांनी शिताफीने टाळला होता. शेवटी कलम सात : 'तसेच सहप्रवाशाच्या संत्रा बर्फीच्या (१ किलो) डब्याचे झालेले नुकसानही भरून मिळावे, ही विनंती.'

मी खाली सही केली आणि दोन्ही कंपन्यांना पाठवून दिला. कलम सातसकट.