अर्धा कोयता आणि ‘राजीखुशीची’ मजुरी

एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: किमान वेतन कायदा गरिबाच्याच मुळावर येतो, मजूर आणि मालक राजीखुशीनं ठरवतील तोच खरा दर, सरकार मध्ये पडलं की रोजगार जातो आणि आर्थिक स्वातंत्र्यही जातं, आणि आजोबा-पणजोबांवर झालेल्या अन्यायाचा आजच्या मजुरीशी काही संबंध नाही.

मी बीड जिल्ह्यातला आहे, म्हणून ऊसतोडीवरूनच बोलतो.

आधी राजीखुशी. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, गावात येतो आणि हातावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठेवतो. घरात दाणे संपलेले असतात, दवाखान्याचं देणं असतं, पोरीचं लग्न ठरलेलं असतं. ती उचल पुढचे पाच-सहा महिने अंगमेहनतीनं फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. पहाटे अंधारात फडात शिरायचं. त्यानं तोडायचं, तिनं पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. एक दिवस अंग दुखलं तर खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर ५०० रुपये दंड, कधी त्याहून जास्त. पाळीच्या दिवसांचे खाडे परवडत नाहीत म्हणून गर्भपिशवी काढून टाकलेल्या बायका आमच्या जिल्ह्यात इतक्या निघाल्या की २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हा हिशेब ज्या बाईला करावा लागतो, तिच्या होकाराला राजीखुशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कायद्यालाही ती राजीखुशी मान्य नाही. दिल्लीतल्या एशियाड क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही संविधानाच्या कलम २३ खालची वेठबिगारीच आहे, कारण भूक हीसुद्धा सक्तीच असते.

आता आजोबांचं. महार वतन म्हणजे पिढीजात गावकी. त्यात वतनदार म्हणून राबायचा एक, पण तो आजारी पडला, परगावी गेला, तर बाप, बायको, घरातलं जे सापडेल ते कामाला जुंपायचं. कामाला वेळ नाही, मर्यादा नाही. मोबदला म्हणजे वाट्याला आलेला जमिनीचा तुकडा आणि बलुत्याचं धान्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक आणलं, पुढे ते मागे घ्यावं लागलं. ही वतनं संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसांनी ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पणजोबांपर्यंत जायची गरजच नाही.

आज फडात वंजारी, बंजारा, बौद्ध, मातंग, मराठा सगळेच भेटतात, प्रत्येकाच्या घरचा इतिहास वेगळा. पण मोजणी तीच राहिली आहे: राबायचं सगळ्या घरानं, मोजायचं एकच. किमान वेतन नेमकं याच्या आड येतं, कारण त्यात हिशेब माणसागणिक होतो. वतन जवळून पाहिलेल्या बाबासाहेबांनीच मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक मांडलं. १९४८ साली त्याचा कायदा झाला.

रोजगार जातो, हा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. दर वाटेल तितका वाढवला तर माणसं कमी होतील, हे मीही मानतो. पण थोडी वाढ झाली तरी नोकऱ्या जातात, हे सिद्ध झाल्यासारखं सांगणं चूक आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीनं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्ट फूडची दुकानं तपासली. रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं नाही. त्यावर इतर अर्थतज्ज्ञांनी हरकती घेतल्या, वाद अजून चालू आहे. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं. दर वाढूनही रोजगार का टिकू शकतो, हे समजायला अवघड नाही. काम देणारे मोजके असले की ते दर दाबून ठेवू शकतात, आणि तिथे कायद्यानं दर वर नेला तरी मालकाला माणूस परवडतो. आमच्याकडे तर उचल एकदा घेतली की त्या हंगामापुरता काम देणारा एकच उरतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. बाजारानं आपणहून तो वाढवला नव्हता, त्यासाठी संघटनांना आंदोलन करून साखर कारखान्यांच्या संघाला चर्चेला बसवावं लागलं.

आणि आर्थिक स्वातंत्र्य? बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या १९४७ च्या निवेदनात याचं उत्तर देऊन ठेवलंय: सरकारनं अंग काढून घेतलं की ते स्वातंत्र्य जमीनदाराला खंड वाढवायला आणि मालकाला मजुरी कमी करायला मिळतं. मजुराचं स्वातंत्र्य म्हणजे मुकादमाला ‘नाही’ म्हणता येणं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ साली तिचा कायदा झाला, तेव्हा गावातच मजुरी मिळण्याचा हक्क बाईलाही आला.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी बावीस हंगाम तोडणी केली. मागच्या वर्षी त्यांनी मला हिशेबाचा कागद वाचायला दिला. टन होते, खाडे होते, उचल होती. नाव फक्त काकांचं होतं. ‘माझं कुठंय बघ की,’ म्हणाल्या. मी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.