आवडता पदार्थ : पास्ता

क्लबच्या स्मरणिकेत यंदा 'आमचे उगवते तारे' असं पान काढायचं ठरलंय आणि त्या पानावर तुझा फोटो असणार, असं कानावर आलं. अभिनंदन. सेक्रेटरीने व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवले असतील आणि रविवारपर्यंत उत्तरं पाहिजेत म्हणून मागे लागला असेल. गडबड करू नकोस. मैदानावर वाकडा फटका मारून आऊट झालास तर पॅव्हेलियनपर्यंत, म्हणजे आंब्याच्या झाडापर्यंत, मान खाली घालून चालत आलं की विषय संपतो. छापलेलं उत्तर तसं संपत नाही. ते घरोघरी जातं, त्यात भजी बांधली जातात, आणि पाच वर्षांनी तुझं लग्न ठरत असताना नेमकं मुलीच्या मामाच्या हाती लागतं.

मी अनुभवाने सांगतोय. तीस वर्षांपूर्वी अशाच एका स्मरणिकेसाठी मला विचारलं होतं, तुमचं प्रेरणास्थान कोण? मी आमचं मॅटिंग अंथरणाऱ्या म्हाताऱ्या मामाचं नाव दिलं, कारण लेगस्पिन टाकताना मनगट कसं ठेवावं हे मला त्याच्याशिवाय कुणीच सांगितलं नव्हतं. समोरच्या पानावर क्लबच्या उपाध्यक्षांची पानभर जाहिरात होती. पुढचा अख्खा मोसम मी बारावा गडी होतो. तेव्हा ऐक.

प्रेरणास्थान या रकान्यात 'विराट कोहली' लिही आणि पुढे चल. इथे तुला खरं सांगायचा मोह होईल. खरं काय ते सगळ्या वाड्याला ठाऊक आहे. तुझ्या हातात बॅट दिली ती तुझ्या ताईने. तुळशीला बॉल लागला तर आऊट, विहिरीत गेला तर ज्याने मारला त्याने कळशी सोडून काढायचा, पडवीत बसलेल्या आजीला लागला तर मॅच रद्द, हे सगळे नियम तिचे. तुझं बॅकफूटवरचं खेळणं बघून पर्वरीच्या गोवा क्रिकेटच्या नेट्समध्ये कोच म्हणाले होते ना, हे कुठे शिकलास म्हणून? शेणाने सारवलेल्या अंगणात पाय पुढे टाकला की घसरायला व्हायचं, म्हणून पाय मागेच राहिला, हे तू त्यांना सांगितलं नाहीस ते बरं केलंस. ताई तुझ्यापेक्षा जोरात बॉल टाकायची. नववीत गेली आणि एका संध्याकाळी आजी पडवीतून म्हणाली, "आतां पुरो गो." दुसऱ्या दिवसापासून तू भिंतीवर बॉल आपटून खेळायला लागलास. हे सगळं लिहिलंस तर कुणीतरी विचारणार, मग ती का नाही खेळली? या प्रश्नाला यादीत रकाना नाही. कोहली लिही. कोहली लिहिल्यावर कुणी काही विचारत नाही.

'गोव्यातला आदर्श' असा पोटप्रश्न असेल तर जास्त जपून. दिलीप सरदेसाई हे नाव तसं उत्तमच. १९४० साली मडगावात जन्म. तेव्हा इथे पोर्तुगीज, आणि त्यांना क्रिकेटचं काही सोयरसुतक नाही. हा माणूस मुंबईला गेला आणि १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ६४२ धावा काढून आला, त्यांत किंग्स्टनचे २१२. वेस्ट इंडीजमध्ये आपण पहिल्यांदा मालिका जिंकली ती तीच. पण तू हे नाव लिहिलंस की वाचणारा विचारणार, "ते टीव्हीवर बातम्या देतात त्यांचे कोण?" तू म्हणणार, राजदीपचे वडील. मग अर्धा तास बातम्यांवरून वाद, आणि किंग्स्टन राहिलं किंग्स्टनला.

हा २१२ आकडाच आपल्याला मानवत नसावा. डिसेंबर २०२२, पर्वरी, राजस्थानविरुद्ध रणजी सामना. सुयश प्रभुदेसाईने २१२ काढले. त्याच डावात अर्जुन तेंडुलकरने आपल्या पहिल्याच रणजी सामन्यात १२० केले. बापाने, म्हणजे सचिनने, १९८८ मध्ये पहिल्याच रणजी सामन्यात शतक केलं तेच लेकाने केलं, बातमी मोठीच, आणि पोराने घाम गाळून केलं याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तू फक्त एक कर. तिठ्यावरच्या गाड्यावर रस ऑम्लेट खात उभ्या असलेल्या दहा जणांना विचार, त्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त रन कुणाचे? पाव बुडवून बुडवून विचार करतील आणि दहाही जण चुकतील.

स्वप्निल अस्नोडकर लिहायचं मनात असेल तर तेही काढून टाक. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये शेन वॉर्नच्या राजस्थान रॉयल्समधून ग्रॅम स्मिथच्या जोडीला सलामीला जाऊन ९ सामन्यांत ३११ धावा, वर संघ विजेता. तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुझ्या वयाच्या पोरांनी हे नाव घेतलं की क्लबातले जुने लोक भावुक होतात आणि मग कमिटीची मीटिंग उरकत नाही.

पहिली आठवण? २०११ चा वर्ल्ड कप, वानखेडे, धोनीची सिक्सर. सगळे हेच लिहितात. तू त्या रात्री दहाव्या ओव्हरलाच झोपला होतास हे घरातली चार माणसं सोडल्यास कुणाला माहीत नाही, आणि ती चारही माणसं स्मरणिका वाचणार नाहीत, फक्त फोटो बघणार.

खरी आठवण आहे ती लिहिण्यासारखी नाही. भात कापून झालं की शेतात धसकटं उरायची. ज्या शेतात पुढे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, लावायचं नसेल ते आपलं स्टेडियम. चार दिवस सगळ्यांनी मिळून पायांनी धसकटं तुडवायची, नारळाच्या पिड्ड्याचे, म्हणजे झावळीच्या जाड देठाचे, स्टंप रोवायचे, बांधापलीकडे गेला की चार, माडाला वरच्या वर लागला तर सहा. टेनिस बॉल धसकटावर पडला की कुठल्या बाजूला वळेल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. जगातले मोठमोठे फिरकी गोलंदाज जे वर्षानुवर्षं शिकतात ते आपल्याकडे शेत करायचं. अंपायर बॅटिंग करणाऱ्या संघाचाच, त्यामुळे एलबीडब्ल्यू ही गोष्ट आपण पहिल्यांदा टीव्हीवर बघितली. पुढे सीझन बॉल हातात आला तो मॅटिंगवर. काथ्याचं ते धूड दोघांनी खांद्यावर घेऊन यायचं, ताणायचं, खिळे ठोकायचे. एक खिळा नीट बसला नाही आणि बॉल तिथेच पडून नाकावर आला, तो वळ तुझ्या नाकावर अजून आहे. फोटोग्राफरला सांग, डाव्या बाजूने काढ म्हणून.

अविस्मरणीय खेळी विचारली असेल तर आकडा मोठा द्यावा. पण किती मोठा दिलास तरी उपयोग नाही, हे मनाची तयारी म्हणून सांगून ठेवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीतच अरुणाचलविरुद्ध स्नेहल कवठणकर नाबाद ३१४ आणि कश्यप बखले नाबाद ३००. दोघांची ६०६ धावांची अभंग भागीदारी, गोवा २ बाद ७२७. रणजीच्या इतिहासात एवढी मोठी भागीदारी कधी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी न्हाव्याकडे बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवरचा गृहस्थ गालाला साबण लागलेला असतानाच म्हणाला, "अरुणाचल मरे! तांकां आमचो भुरगोय मारतलो." म्हणजे त्यांना आमचं पोरगंसुद्धा मारेल. हा गृहस्थ शिगम्यातल्या 'लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे' या सामन्यात पहिल्याच अंडरआर्म बॉलवर बोल्ड झाला होता. मी साक्षीदार आहे, बॉल मीच टाकला होता. अशा प्रदेशात तू आपली ती २३ धावांची खेळी सांगणार? रात्रपाळी करून आलेला, डोळे चुरचुरत असलेले, दुसऱ्या टोकाला अकरा नंबरचा बेकरीवाला आणि जिंकायला ३१ हवे होते, वगैरे? तुम्ही शेवटी ७ रनांनी हरलात. हरलेल्या मॅचचं आम्हाला काय कौतुक!

आता मुख्य गोष्ट. 'क्रिकेटपलीकडचं आयुष्य'. हा प्रश्न कुणी घातला त्याला भेटायची माझी इच्छा आहे. त्याच्या मते खेळाडू क्रिकेटमध्ये राहतो आणि फावल्या वेळात पलीकडे जाऊन येतो. तू पलीकडे राहतोस आणि रविवारी अलीकडे येतोस, हे त्याला कोण सांगणार? तरी उत्तर साधं आहे: 'छंद – ट्रॅव्हलिंग, संगीत, अभिनय.' मजा म्हणजे यातलं काहीच खोटं नाही. कंपनीच्या बसने साखळीहून वेर्ण्याला जायचं आणि यायचं, म्हणजे ट्रॅव्हलिंग रोजचंच. तिथे पॅकिंग लाइनवर आठ तास गोळ्यांची पाकिटं बघायची, त्याला कुणी एकाग्रतेचा सराव म्हणालं तर हो म्हण. संगीत म्हणजे चवथीच्या आरतीला घुमट वाजवणं. तुझा हात बरा चालतो, असं वाड्यातले म्हणतात. तुझी बॅट बरी चालते असं मात्र त्यांतला एकही अजून म्हणालेला नाही.

अभिनय म्हणजे देवळातल्या काल्याच्या उत्सवातलं नाटक. यंदाच्या ऐतिहासिक नाटकात तू तिसरा मावळा होतास, वाक्य एकच, "महाराज, घात झाला!" प्रयोग पहाटे चारला संपला, सकाळी नऊला मॅच होती आणि डिंकाने चिकटवलेली मिशी सुटेना म्हणून तू तशीच घेऊन स्लिपमध्ये उभा राहिलास. पहिला कॅच सुटल्यावर गलीतून कोण ओरडला ते मी सांगत नाही, काय ओरडला ते तुला माहीत आहे. अख्खा मोसम तेच ऐकतोयस.

'ध्येय' या रकान्यात 'देशासाठी खेळणे' लिही. आईने शांतादुर्गेला नवस बोलला आहे तो कशासाठी, हे लिहू नकोस. देवीला रणजीची निवड समिती माहीत नसते, सरकारी नोकरीची जाहिरात माहीत असते. स्पोर्ट्स कोट्यातून कुठल्याही खात्यात शिपाई म्हणून का होईना लागलास की बॅट गेली चुलीत तरी चालेल, हे आईचं क्रीडाधोरण आहे आणि ते निदान कधी बदलत नाही. बाबांचं जरा वेगळं. ते तुला शिखा पांडेचं उदाहरण देतात. फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकली, हवाई दलात अधिकारी झाली, २०१४ साली भारताकडून खेळली. बाबा हे वाक्य दुसऱ्या स्वल्पविरामापर्यंत वाचतात आणि चष्मा काढून ठेवतात.

आवडता पदार्थ : पास्ता. शीत-कडी लिहिलंस तर सगळं मुसळ केरात. पास्ता तू आयुष्यात एकदा खाल्लास, कळंगुटला मित्राच्या वाढदिवसाला, आणि रात्री अकराला घरी येऊन सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या, कडीवर पुन्हा जेवायला बसलास. चालतं. आवडता रंग, आवडता हिरो, भाग्यवान नंबर, हे भरून टाक, कुणी वाचत नाही.

राहता राहिला शेवटचा प्रश्न : 'ऑफ सीझनमध्ये फिटनेस कसा राखता?' इथे 'जिम' लिही. जून लागला की मैदान फुटबॉलवाल्यांचं होतं, आणि त्याबद्दल तक्रार करायची नाही, तो इथला राज्यखेळ आहे, आपण पाहुणे. तुझा किट जातो माळ्यावर. आईने पावसाळ्याचं पुरुमेंत भरून ठेवलेलं असतं तिथे, खारे बांगडे, किसमूराच्या कोशिंबिरीसाठी सुकी सुंगटं, सोलं, चिंच, मिरच्या. चार महिने बाहेर पाऊस आणि आत तुझे पॅड आणि बांगडे शेजारी शेजारी. ऑक्टोबरात पहिल्या मॅचला तू पॅड बांधून क्रीझवर येतोस. मागे उभा असलेला कीपर ग्लोव्ह्ज घालता घालता थांबतो, नाक वर करतो.

"किसमूर?"

उत्तर देऊ नकोस. मिडल-लेगचा गार्ड माग.