अर्धा तास ब्रेक म्हणे!

आज पे-स्लिप आली आणि डोकंच फिरलं. दोन आठवड्यांत दहा शिफ्ट, दहाच्या दहा वेळा अर्धा तास कापलाय. इथे ओंटारियोत किमान वेतन ताशी १७.६० डॉलर, म्हणजे झाले ८८ डॉलर. कशाचे? तर मी न घेतलेल्या ब्रेकचे!

मी गांजाच्या दुकानात काम करते. हसू नका. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून सगळं रीतसर आहे. परवाना, कॅमेरे, पाकिटावर अबकारी शिक्का. (आईला 'हर्बल प्रॉडक्ट्सचं दुकान' असं सांगितलंय. खोटं कुठंय त्यात?)

कायदा म्हणतो, सलग पाच तासांच्या वर राबवायचं नाही, मधे अर्धा तास जेवायला द्यायचा. तो बिनपगारी चालतो, पण त्या वेळात माणूस कामातून मोकळा हवा. आता दुकानात मी एकटी! मोकळी होऊ कशी? दाराला कुलूप घातलं तर गिऱ्हाईक गेलं म्हणून बोंब.

कालचंच घ्या. अडीचला मागच्या खोलीत प्री-रोलच्या (गांजाच्या तयार वळलेल्या सिगारेटींच्या) खोक्यावर बसून डबा उघडला. भेंडी-पोळी. पहिला घास तोंडात आणि दारावरची घंटी टिंग! तसाच गिळला, हात धुतले, बाहेर. समोर एक पोरगा. पंचविशीच्या आतला वाटला की आयडी बघायचंच, आणि ह्यानं फोनमधला फोटो पुढे केला. चालत नाही म्हटलं तर मलाच विचारतो, 'तू कधी आलीस ह्या देशात?' तो जातोय तोवर एक काका आले. दहा मिलिग्रॅमच्या गमीनं (गांजाचा अर्क घातलेली जेलीची गोळी) म्हणे त्यांना काही होत नाही. अहो, अख्ख्या पाकिटात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, दहाच्या वर नको, हा नियम ओटावातल्या केंद्र सरकारचा आहे, मी काय पदराखाली मोठ्या गमी लपवून ठेवल्यात? मग कुरिअरवाला, सही. आत गेले तर तीन वाजलेले, पोळीचा पापड झालेला. आणि सिस्टीमनं अडीच ते तीन आपोआप 'ब्रेक' मांडून ठेवलेला.

मॅनेजरला सांगितलं, तर म्हणतो, 'दुपारी स्लोच असतं ना, बसून खायचं की.' अरे, स्लो असतं तर त्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला तुझं काय जातं? वर 'वी आर अ फॅमिली'! आमच्याकडे फॅमिलीत कुणाला भरल्या ताटावरून उठवत नाहीत.

रात्रीचं तर बोलायलाच नको. माल पोरासोरांच्या नजरेला पडू नये म्हणून काचा धुरकट. आत माझा कुणी गळा धरला तरी फुटपाथवर कुणाला पत्ता लागणार नाही. पॅनिक बटण दिलंय, पण त्यातली बॅटरी शेवटची कधी बदलली ते कुणालाच माहीत नाही. दुसरा माणूस मागितला की उत्तर ठरलेलं, 'लेबर बजेट नाही.'

वर्क परमिटवरच्या पोरी तोंड उघडत नाहीत, हे दुकानवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. पण लेबर मिनिस्ट्रीकडे दोन वर्षांपर्यंतच्या थकलेल्या पैशांचा क्लेम लावता येतो, हे मलाही आता ठाऊक झालंय. म्हणून गेले दोन महिने रोज अर्धवट डब्याचा फोटो काढतेय, मागे भिंतीवरचं घड्याळ येईल असा. कालची भेंडी धरून एक्केचाळीस झाले.