फोर्टीस्विच फायरवॉलखाली आणणं हे दहा मिनिटांचं काम नाही

"स्विच फायरवॉलखाली आणा, दहा मिनिटांत, इंजिनिअर न बोलावता" असा एक मेसेज सध्या आयटीवाल्यांच्या ग्रुपमधून फिरतोय. म्हणजे फोर्टीनेट कंपनीचे फोर्टीस्विच (पीसी, कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जुळतात त्या पेट्या) त्याच कंपनीच्या फोर्टीगेट या फायरवॉलवरून चालवायचे. काल आतेभावाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, रविवारी शाळेतले सहाही स्विच फायरवॉलखाली घेऊन टाकतो." त्याला फोन करून थांबवलं. मेसेज पोचलेल्या प्रत्येकाला फोन करता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

मेसेजमधले दावे पाच. चालू स्विच फोर्टीगेटला जोडून 'ऑथराइज' (मंजुरीचं बटण) दाबा, जुनं सगळं सेटिंग आपोआप येतं, बॅकअप नको. दोन केबल लावा, वेग दुप्पट. कुठल्याही कंपनीचा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच चालतो. फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) बघायची गरज नाही. फायरवॉल बंद पडला तरी नेटवर्क चालू राहतं.

पहिला दावा सगळ्यात घातक आहे. फोर्टीगेट स्विचकडून काहीही वाचून घेत नाही, तो स्विचला सांगतो. तुमच्या स्विचवर पोर्ट १ ते १२ स्टाफचे, १३ ते १८ कॅमेऱ्यांचे, २२ वर ॲक्सेस पॉइंट (वायफायची पेटी) अशी दहा वर्षांत बसलेली मांडणी असेल, तर फोर्टीगेटला तिचा पत्ता नसतो. ऑथराइज झाल्यावर त्याच्या लेखी प्रत्येक पोर्टचा नेटिव्ह (म्हणजे मूळ) व्हीलॅन, स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क, एकच, '_डिफॉल्ट', आयडी १. त्या व्हीलॅनवर तुम्ही स्वतः आयपी आणि डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सोय) दिलेलं नसेल, तर सगळी पीसी १६९.२५४ चे बिनकामाचे पत्ते घेऊन बसतात.

या दाव्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. फोर्टीनेटच्या स्वतःच्या कागदपत्रांत फोर्टीस्विचओएस (स्विचचं फर्मवेअर) ७.२.० पासून लिहिलंय की मॅनेजमेंटखाली येताना बॅकअप लागत नाही आणि स्विच रीस्टार्टही होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तिथूनच उचललंय. पण ते वाक्य खोक्यातून काढलेल्या नव्या स्विचबद्दल आहे. नव्या स्विचमध्ये जपण्यासारखं काही नसतंच. त्याआधीच्या फर्मवेअरवर हाताने फोर्टीलिंक (फोर्टीगेटने स्विच चालवायची जोडणी) मोडमध्ये जायला गेलात, तर सगळं कॉन्फिगरेशन पुसून स्विच रीबूट होणार अशी चेतावणी पडद्यावर येते आणि 'वाय' दाबल्यावर नेमकं तेच होतं.

मग वापरातला स्विच फायरवॉलखाली कसा घ्यायचा? आधी त्याचा बॅकअप काढा आणि त्यातून पोर्टांचा तक्ता लिहून काढा: पोर्ट नंबर, काय जोडलंय, नेटिव्ह व्हीलॅन, अलाउड व्हीलॅन (नेटिव्हशिवाय त्या पोर्टवरून जाऊ द्यायचे). फोर्टीगेटवर फोर्टीलिंक इंटरफेसखाली ते व्हीलॅन तयार करा. इंटरफेसचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. ४०८८ ते ४०९४ हे आयडी टाळा, फोर्टीलिंक ते स्वतःसाठी वापरतं. मग स्विचचा सिरियल नंबर फोर्टीगेटवर आधीच नोंदवा आणि तक्त्याप्रमाणे पोर्ट भरून ठेवा. हे स्विचला हात न लावता, कामाच्या दिवशीही करता येतं. त्यानंतर ठरलेल्या वेळी स्विचवर कन्सोल केबलने, ११५२०० वेगाने, 'एक्झिक्युट फॅक्टरीरीसेट' करा आणि मगच जोडा. आधी फायरवॉलला लागून असलेला एक स्विच. तो ऑनलाइन दिसला, त्याच्या पोर्टांवर पत्ते मिळाले, की पुढचा.

इथली एक चूक हमखास होते. ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर नेटिव्ह व्हीलॅन १० दिला जातो आणि पाहुण्यांच्या वायफायचा व्हीलॅन ३० अलाउड यादीत घालायचा राहतो. त्या यादीत मुळात फक्त 'क्वारंटाइन' (संशयित मशीन वेगळी ठेवायचा व्हीलॅन) असतो. ॲक्सेस पॉइंटला पत्ता मिळतो, स्टाफचं वायफाय चालतं, फक्त पाहुण्यांच्या मोबाइलला आयपी मिळत नाही. मग दोन तास वायफायचा पासवर्ड बदलण्यात जातात आणि चूक असते स्विचच्या पोर्ट २२ वर.

केबलचा मुद्दा. फोर्टीलिंक इंटरफेस बऱ्याच मॉडेलवर तयारच येतो: ६०एफवर पोर्ट ए आणि बी, १००एफवर एक्स१ आणि एक्स२. पण त्यावर 'स्प्लिट इंटरफेस' हे सेटिंग चालू असतं, म्हणजे दोन केबलपैकी एकच काम करते आणि दुसरी राखीव असते. दोन्ही केबल एकाच स्विचला जात असतील तर ते बंद करून दोन्ही वापरता येतात. त्या दोन वेगवेगळ्या स्विचना जात असतील तर आधी त्या स्विचमध्ये एमसीलॅग (दोन स्विचनी मिळून एकासारखं वागायची जुळणी) उभारावं लागतं. ते न करता स्प्लिट बंद केलंत तर नेटवर्क कधी चालेल आणि कधी नाही, याचा भरवसा राहत नाही. आणि जुन्या फर्मवेअरवर फायरवॉलला ओळखणारे पोर्ट ठरावीकच असतात. सगळ्या पोर्टांवर ऑटो-डिस्कव्हरी ७.२.० पासून आली.

कुठल्याही कंपनीचा स्विच? नाही. फोर्टीलिंक फक्त फोर्टीस्विचसाठी आहे. दुसऱ्या कंपनीच्या स्विचला फोर्टीगेटवरून ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी एक जोडणी) देता येते, व्हीलॅन चालतात, पण त्याचे पोर्ट त्याच्या स्वतःच्या पानावरूनच सांभाळावे लागतात. दोन फोर्टीस्विचच्या मध्ये असा स्विच बसवलात तर त्यांच्यातला दुवा आपोआप जुळत नाही, कारण ते एकमेकांना एलएलडीपीने (शेजारच्या उपकरणाला ओळख देणाऱ्या संदेशांनी) ओळखतात आणि मधला स्विच ते संदेश पुढे जाऊ देत नाही.

फर्मवेअर बघावंच लागतं. फोर्टीओएसच्या (फोर्टीगेटच्या फर्मवेअरच्या) कुठल्या आवृत्तीबरोबर फोर्टीस्विचओएसची कुठली चालते याचा सुसंगततेचा तक्ता फोर्टीनेट प्रसिद्ध करतं. तो उघडायला पाच मिनिटं लागतात, ती द्या. त्याच्याच जोडीला घड्याळ. स्विच आणि फायरवॉल यांच्यातलं बोलणं कॅपवॅप या प्रोटोकॉलवरून, यूडीपी पोर्ट ५२४६ वर, सर्टिफिकेट तपासून होतं. स्विचची वेळ भलतीच असेल तर तो ऑथराइज होऊनही ऑफलाइनच दिसतो आणि लोक केबल बदलत बसतात. फोर्टीलिंक इंटरफेसवर एनटीपी (घड्याळ जुळवणारा) सर्व्हर चालू आहे का बघा. 'एक्झिक्युट स्विच-कंट्रोलर डायग्नोज-कनेक्शन' ही कमांड डीएचसीपी, एनटीपी असं एकेक तपासून कुठे अडलंय ते सांगते.

शेवटचा दावा, फायरवॉल बंद पडला तरी नेटवर्क चालू. एकाच व्हीलॅनमधली पीसी आणि प्रिंटर एकमेकांशी बोलत राहतात, एवढं खरं. स्विचकडे शेवटचं कॉन्फिगरेशन असतं, त्यावर तो डेटा पुढे पाठवतो. पण व्हीलॅनचे गेटवे (बाहेर जायचे दरवाजे) आणि डीएचसीपी फोर्टीगेटवर असतात. स्टाफच्या व्हीलॅनमधून कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर दिसणार नाही, नव्या मशीनला पत्ता मिळणार नाही, इंटरनेट अर्थातच नाही. हे नको असेल तर दुसरा फोर्टीगेट एचए जोडीत (एक पडला की दुसरा काम घेतो अशा जोडीत) ठेवावा लागतो, आणि त्या दुसऱ्यापासूनही स्विचपर्यंत केबल टाकावी लागते. ती टाकायची राहिली तर जोडी असूनही, पहिला पडला की स्विच एकटे पडतात.