खुलासा : हात लागलेलं पिल्लू पक्षी टाकून देत नाहीत

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय : ‘घरट्यातून पडलेल्या पिल्लाला हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई त्याला परत घेत नाही.’ मागच्या वर्षी मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली.

पक्षी माणसाच्या वासामुळे पिल्लू टाकत नाहीत. आमच्या बाल्कनीत मनीप्लांटच्या कुंडीत बुलबुलाचं घरटं होतं. पंख न फुटलेलं एक पिल्लू खाली पडलं, ते हातानेच उचलून परत ठेवलं. आम्ही आत गेल्यावर अर्ध्या तासात आई चोचीत किडा घेऊन हजर! (आम्ही पडद्याआडून बघत होतो.) मात्र घरट्यापाशी सारखं डोकावलं, फोटो काढत राहिलं, तर पक्षी बिचकतात. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू उडायला शिकत असतं. त्याला मांजरापासून दूर, जवळच्याच झुडपात ठेवलं की पुरे.

पिल्लू जखमी असेल तर वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६. दूध मात्र पाजू नका.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.